संगणक शंका-समाधान : वायफाय गेलं, आणि अडलेला ड्रायव्हर यादीत सापडेना

या सदरात कमांड उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. जिथे स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

प्रश्न : नऱ्ह्याला हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ‘संगणक वेगवान करा’ छापाचं एक फुकट सॉफ्टवेअर चालवलं आणि दुसऱ्या दिवशी वायफाय गायब. सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ सुरू करायला गेलं की ‘एरर १०६८’ येते. डिपेंडन्सीजच्या टॅबमध्ये ‘एनडीआयएस यूजरमोड आय/ओ प्रोटोकॉल’ असं नाव दिसतं, पण मूळ यादीत ते शोधूनही सापडत नाही. टिळक रोडच्या एका दुकानात विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : आहे. विंडोज नव्याने टाकू नका. वर्णनावरून एकाच ड्रायव्हरची सेटिंग बदललेली दिसते, आणि ती मूळ जागी आणायला एक ओळ पुरते. ती ओळ टाइप करण्याआधी काय अडलंय ते मात्र नीट पाहून घ्या, कारण वेगवान करणारी सॉफ्टवेअरं सहसा एकाच जागी हात मारून थांबत नाहीत.

१०६८ चा अर्थ असा, की ही सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) स्वतः ठीक आहे पण ती ज्यांच्या आधाराने उभी राहते त्यांपैकी कुणीतरी उठत नाही. तुमच्या बाबतीत संशय ‘एनडीआयएस यूजरमोड आय/ओ प्रोटोकॉल’वर आहे. त्याचं आतलं नाव एन-डी-आय-एस-यू-आय-ओ. हा कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर आहे. कर्नलबाहेरच्या सर्व्हिसला नेटवर्क कार्डाशी आयपीच्या खालच्या थरात थेट फ्रेमची (माहितीच्या पुडक्यांची) देवाणघेवाण करता यावी, यासाठी तो ठेवलेला आहे. जोडणीच्या वेळची ओळख-पडताळणी याच थरात चालते, कारण तेव्हा लॅपटॉपला आयपी पत्ता मिळालेलाच नसतो. साध्या लॅन वायरीचं मात्र याच्यावाचून अडत नाही. त्यामुळे वायर जोडली तर तुमचं इंटरनेट चालेल आणि वायफाय तेवढं मेलेलं राहील. बहुधा म्हणूनच अशी सॉफ्टवेअरं या ड्रायव्हरला ‘अनावश्यक’ ठरवून मोकळी होतात.

यादीत तो का दिसत नाही? सर्व्हिसेसची खिडकी ड्रायव्हर दाखवतच नाही. विंडोजच्या दृष्टीने ड्रायव्हरसुद्धा एक सर्व्हिसच असते, दोघांची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एकाच जागी होते, पण त्या खिडकीत फक्त कर्नलबाहेरच्या सर्व्हिसेस येतात. ड्रायव्हरसाठी कमांड प्रॉम्प्टकडे जावं लागतं.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, आलेल्या नावावर उजवी क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. आधी ‘एससी क्यूसी डब्ल्यूलॅनएसव्हीसी’ ही कमांड द्या (शेवटचा शब्द डब्ल्यू-एल-ए-एन-एस-व्ही-सी). उत्तराच्या तळाशी डिपेंडन्सीजपुढे नावं येतील : नेटिव्हवायफायपी, आरपीसीएसएस, एनडीआयएसयूआयओ, डब्ल्यूसीएमएसव्हीसी. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे एखादं कमीजास्त असेल. आता यातल्या प्रत्येक नावाला ‘एससी क्यूसी’ लावा आणि ‘स्टार्ट टाइप’ची ओळ वाचा.

इथे बरेच जण फसतात. ‘एससी क्यूसी’मध्ये स्टार्ट टाइपपुढे ४ दिसला तर त्याचा अर्थ ‘डिसेबल्ड’. ‘एससी क्वेरी’मध्ये स्टेटपुढे ४ दिसला तर त्याचा अर्थ ‘रनिंग’, म्हणजे सगळं छान चाललंय. आकडा एकच, अर्थ उलटे. आकड्यापुढचा शब्द वाचल्याशिवाय काही बदलू नका.

स्टार्ट टाइपचे पाच आकडे असे : ० म्हणजे विंडोजचा लोडर अगदी सुरुवातीला उचलतो तो ड्रायव्हर, १ म्हणजे कर्नल उभा राहताना सुरू होणारा, २ म्हणजे आपोआप, ३ म्हणजे मागणी आली की, ४ म्हणजे बंद. एनडीआयएसयूआयओचा मूळ आकडा ३ आहे. विंडोज १० आणि ११, दोन्हींत तोच. तीन म्हणजे बंद नव्हे. वायफायची सर्व्हिस सुरू होताना विंडोज स्वतःच त्याला उठवते. ‘जास्त पक्कं व्हावं’ म्हणून २ किंवा १ करण्यात काही फायदा नाही.

बदलण्यापूर्वी सध्याची नोंद जपून ठेवा. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस या वाटेने एनडीआयएसयूआयओच्या फोल्डरपर्यंत जा, उजवी क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा. फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीत तर उत्तम. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये :

एससी कॉन्फिग एनडीआयएसयूआयओ स्टार्ट= डिमांड

बरोबरचं चिन्ह ‘स्टार्ट’ला चिकटून, आणि चिन्हानंतर एक मोकळी जागा. ही जागा विसरली की कमांड काम करण्याऐवजी स्वतःची वापर-पद्धत पडद्यावर ओतते, आणि त्या लांबलचक मजकुरात काहीच बदललं नाही हे लक्षात येत नाही. जमलं असेल तर ‘चेंजसर्व्हिसकॉन्फिग सक्सेस’ एवढीच ओळ येते. पुढे ‘एससी स्टार्ट एनडीआयएसयूआयओ’, आणि मग ‘एससी स्टार्ट डब्ल्यूलॅनएसव्हीसी’. क्रम हाच ठेवा, खालून वर.

‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ स्वतः लॅपटॉपवर ‘ऑटोमॅटिक’ असायला हवी, तीही पाहून घ्या. आणि शेवटी संगणक ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाऊन’ करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये कर्नल डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, ड्रायव्हर नव्याने लोड होत नाहीत. रीस्टार्टमध्ये होतात.

आता हे न जमल्यास. ‘एससी स्टार्ट’ला एरर १०५८ आली तर आकडा अजून ४ च आहे, किंवा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला नव्हता आणि आधीच्या कमांडला आलेली एरर ५ (परवानगी नाही) तुमच्या नजरेतून सुटली. एरर २ आली तर नोंद ठीक आहे पण सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातली एनडीआयएसयूआयओ डॉट एसवायएस ही फाइल जागेवर नाही. त्यासाठी आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ’ (पहिला शब्द डी-आय-एस-एम) आणि ती पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. डिझम कमांडला इंटरनेट लागतं, आणि तुमचं वायफाय बंद आहे. मोबाइल यूएसबी वायरीने जोडून टेदरिंग सुरू करा. त्याला वायफायची सर्व्हिस लागत नाही.

एरर १०६० म्हणजे नोंदच उडालेली. इथे मात्र इंटरनेटवर कुठूनतरी मिळालेली रजिस्ट्रीची फाइल डबल-क्लिक करण्याचा मोह कटाक्षाने टाळा. नेटवर्कचे प्रोटोकॉल ड्रायव्हर फक्त सर्व्हिसेसच्या नोंदीवर चालत नाहीत. कोणता ड्रायव्हर कोणत्या कार्डाला बांधलेला आहे याची स्वतंत्र नोंद विंडोज ठेवते, आणि ती प्रत्येक मशीनची वेगळी असते. अशा वेळी ‘इन-प्लेस’ दुरुस्ती हाच खात्रीचा मार्ग. तुमच्याच भाषेची आणि एडिशनची विंडोजची आयएसओ फाइल उतरवून तिच्यातलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवायचं आणि फाइल्स व अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडायचा. तुमचे प्रोजेक्ट, फोटो, सॉफ्टवेअर जागेवर राहतात, सिस्टीमच्या नोंदी मूळपदावर येतात. तरीही बॅकअप आधी घ्याच.

याच सॉफ्टवेअरने आणखी काय बिघडवलंय हे तपासायला नेटवर्कच्या पायाभूत साखळीचे मूळ आकडे देत आहोत. एनडीआयएस ० आणि टीसीपीआयपी ०. एएफडी, टीडीएक्स, एनएसआयप्रॉक्सी आणि नेटबीटी १. एनएसआय, डीएचसीपी आणि डीएनएसकॅश २. हे विंडोज १० व ११ साठी. एएफडी बंद पडला की डीएचसीपी क्लायंट (राउटरकडून आयपी पत्ता मिळवणारी सर्व्हिस) उठत नाही, आणि मग वायफाय जोडलेलं दिसूनही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. दोष राउटरचा वाटतो, असतो आपल्या मशीनमध्ये. वायफायच्या साखळीतल्या नेटिव्हवायफायपीचा आकडा मात्र हॉस्टेलमधल्या एखाद्या मित्राच्या, त्याच आवृत्तीच्या चालू लॅपटॉपवर ‘एससी क्यूसी’ देऊन ताडून घ्या. खरं तर मूळ आकडे शोधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे. आवृत्ती जुळते का ते पाहायला दोन्हीकडे ‘विनव्हर’ (डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर) चालवा.

आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका. त्यात ‘अन्डू’ किंवा ‘रिस्टोर’ असेल तर काढण्यापूर्वी ते वापरा, नंतर ती सोय राहत नाही. सिस्टीम रिस्टोरचा त्या आधीच्या दिवसाचा पॉइंट असेल तर तोही चालेल, कारण त्यात रजिस्ट्री येते. पण बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय मुळात बंद असते.

प्रश्न : कोथरूड. मागे कुणीतरी सांगितल्याप्रमाणे ‘एससी क्यूसी एएफडी’ टाइप केलं. काहीच आलं नाही, एररही नाही. ‘एससी कॉन्फिग’ दिलं तर ‘पोझिशनल पॅरामीटर’विषयी लाल अक्षरांत काहीतरी आलं. कमांड बिघडली आहे का?

उत्तर : कमांड ठीक आहे, खिडकी चुकली आहे. तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘एससी’ हे ‘सेट-कंटेंट’ या कमांडचं टोपणनाव आहे, म्हणजे फाइलमध्ये मजकूर लिहिणारी कमांड. ‘एससी क्यूसी एएफडी’चा अर्थ तिने लावला : ‘क्यूसी’ नावाची फाइल करा आणि तिच्यात ‘एएफडी’ लिहा. तिने तसं केलं, म्हणून एरर नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं पॉवरशेल सहसा सिस्टीम३२ च्या फोल्डरात उभं असतं. तिथे जाऊन पाहा, क्यूसी नावाची एक्स्टेन्शन नसलेली काही बाइटची फाइल पडलेली सापडेल. नोटपॅडमध्ये उघडून आत फक्त ‘एएफडी’ आहे याची खात्री करा आणि तेवढी एकच फाइल काढून टाका.

यापुढे ‘एससी डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव लिहा, दोन्ही खिडक्यांत चालतं. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की बहुधा पॉवरशेलच पुढे येतं. डावीकडची ओळ ‘पीएस’ अक्षरांनी सुरू होत असेल तर ते पॉवरशेल, हे ओळखायला पुरेसं आहे.

प्रश्न : सदाशिव पेठेत डीटीपीचं काम करतो. इंटरनेट अडखळत होतं म्हणून ‘नेटश इंट आयपी रीसेट’ दिलं. इतर ओळींपुढे ओके आलं, एकीपुढे ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. रीस्टार्टनंतर इंटरनेट सुधारलं पण दुकानातला नेटवर्क प्रिंटर आणि दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर दोन्ही दिसेनासे झाले. पत्रिकांचं काम अडलंय.

उत्तर : आधी काम सुरू करून घेऊ. या कमांडने तुमच्या मशीनचा हाताने भरलेला आयपी पत्ता पुसला गेला आणि मशीन आता राउटरकडून आपोआप पत्ता घेतं. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या, सध्याचा पत्ता पाहा. मग प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून नेटवर्क पान छापा आणि त्यावरचा पत्ता पाहा. पहिले तीन आकडे वेगळे असतील, उदाहरणार्थ मशीन १९२.१६८.१ मध्ये आणि प्रिंटर १९२.१६८.० मध्ये, तर ती दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत. ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ चालवून कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ वर दोनदा क्लिक करा आणि पूर्वीचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस परत भरा. जुना पत्ता आठवत नसेल तर दुसऱ्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ देऊन त्याच मालिकेतला मोकळा आकडा घ्या. दोन मशीनना एकच पत्ता पडला तर दोन्ही अडखळतील, म्हणून घेण्याआधी त्या आकड्याला ‘पिंग’ करून उत्तर येत नाही हे बघा. दुसऱ्या मशीनचं फायरवॉल पिंगला गप्प बसू शकतं, तेव्हा राउटरच्या जोडलेल्या उपकरणांची यादीही एकदा पाहा.

फोल्डरही बहुधा याच कारणाने गेलं आहे. पत्ता जुळल्यावरही दिसलं नाही, तर नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं गेलंय का ते सेटिंग्जमध्ये पाहा आणि ‘प्रायव्हेट’ करा.

त्या एका नकाराची ओळ तुमच्या त्रासाचं कारण नाही. रजिस्ट्रीत कंट्रोल फोल्डराखाली एनएसआय नावाची जागा आहे, तिच्यातल्या एका उपफोल्डरवर, ज्याचं नाव फक्त ‘२६’ आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही लिहिण्याची परवानगी दिलेली नसते. म्हणून ही ओळ कित्येक चांगल्या मशीनवरही येते. तिच्यासाठी परवानग्या बदलत बसू नका.

पुढच्या वेळी रीसेटच्या आधी ‘नेटश इंटरफेस डंप’चं (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच) उत्तर एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवून ठेवा. नंतर ‘नेटश -एफ’पुढे त्या फाइलचं नाव दिलं की पत्ते परत भरले जातात. त्याहून चांगलं म्हणजे पत्ते मशीनवर न भरता राउटरमध्येच प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्यापुढे (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकापुढे) राखून ठेवा. मग मशीनवर कितीही रीसेट केलं तरी प्रिंटर तिथेच सापडतो. दुकानासाठी आमचा आग्रह याचाच राहील.

एक गैरसमज दूर करायला हवा. हे रीसेट, आणि ‘नेटश विनसॉक रीसेट’ही, सर्व्हिसचा स्टार्ट टाइप बदलत नाही. वरच्या नऱ्ह्याच्या प्रश्नासारखा ड्रायव्हर ४ वर गेलेला असेल तर दहा वेळा रीसेट करूनही तो ४ च राहतो. एसएफसीचंही तसंच : ती फाइल तपासते, हा आकडा नाही. सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ तर त्याहून जड आहे. ते सगळी कार्डं काढून पुन्हा बसवतं, वायफायचे जपलेले पासवर्ड जातात, व्हीपीएन आणि व्हर्च्युअल स्विच नव्याने लावावे लागतात. दुकानाच्या मशीनवर ते अगदी शेवटी.

प्रश्न : हडपसर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डावर पिवळं चिन्ह आणि ‘कोड ३२’. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

उत्तर : कोड ३२ चा अर्थ ड्रायव्हर आहे, पण त्याची सर्व्हिस बंद केलेली आहे. तोच ड्रायव्हर वरून पुन्हा टाकला तरी जुना आकडा कधीकधी तसाच राहतो. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीटेल्स’ टॅबवर जा आणि वरच्या यादीतून ‘सर्व्हिस’ निवडा. खाली एक छोटं नाव येईल. रिअलटेकच्या बऱ्याच कार्डांना ते आर-टी-६-४-०-एक्स-६-४ असं असतं. रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली त्याच नावाचं फोल्डर शोधा. उजवीकडे ‘स्टार्ट’ ४ असेल तर ३ करा. प्लग अँड प्ले कार्डाचा आकडा साधारणपणे ३ असतो, कारण कार्ड सापडलं की विंडोज त्याला बोलावते. ‘टाइप’, ‘ग्रुप’, ‘टॅग’, ‘इमेजपाथ’ यांना हात लावू नका. रजिस्ट्रीतून केलेला बदल लगेच लागू होत नाही, रीस्टार्ट लागतो.

तरीही चिन्ह राहिलं तर कार्ड ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ने काढा आणि ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ द्या. पण त्याआधी लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर घेतलेला असू द्या. कार्ड काढल्यावर इंटरनेट नाही आणि ड्रायव्हर इंटरनेटवर, हा पेच फार जणांना पडतो.

प्रश्न : वाकड. आकडा बरोबर केला, वायफाय सुरू झालं, पण दर एक-दोन दिवसांनी ड्रायव्हर पुन्हा ‘डिसेबल्ड’ होतो.

उत्तर : कुणीतरी तो पुन्हा बदलतंय, विंडोज स्वतःहून असं करत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम उघडा आणि उजवीकडच्या फिल्टरमध्ये आयडी ७०४० भरा. स्टार्ट टाइप कशावरून कशावर गेला, कधी, आणि कोणत्या खात्यातून, हे त्यात येतं. मिळालेल्या वेळेशी टास्क शेड्यूलरमधली कामं जुळवून पाहा. एखाद्या सफाईच्या सॉफ्टवेअरचं रोजचं काम त्याच मिनिटाला लागलेलं बहुधा सापडेल. ते डिसेबल करा, मग सॉफ्टवेअर काढा. ७०४० काहीच सापडलं नाही तर बदल थेट रजिस्ट्रीत होत असण्याची शक्यता आहे, तिथे ही नोंद सहसा होत नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतून अनोळखी नावं एकेक बंद करत जा, आणि प्रत्येकानंतर दोन दिवस थांबा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर काहीही बंद करण्याआधी तुमच्या आयटी विभागाला विचारा. ती सेटिंग ग्रुप पॉलिसीतून (कंपनीने सगळ्या मशीनना लावलेल्या नियमांतून) मुद्दाम लावलेली असू शकते, आणि तसं असेल तर तुम्ही कितीही वेळा बदललीत तरी ती परत येणार.